देवीच्या विषाणूंचीं सोंगें

आपल्या भवानीनगर, बारामती व इंदापूर या भागांत पहाट होते ती गोठ्यांतील धारेच्या आवाजानें. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी, त्यावर पोसलेला ऊस, उसाचे वाढे खाणारीं जनावरें आणि त्या जनावरांच्या दुधावर चालणारा घरखर्च, अशी ही सांखळी आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वह्या-पुस्तकांचा पैसा याच दुधांतून येतो. तेव्हां म्हशीच्या सडावर चार फोड दिसले, तर ती एकट्या म्हशीची गोष्ट राहत नाहीं. ती साऱ्या घराची गोष्ट होते.

असे फोड आपल्या शेजारीं एकदां मोठ्या प्रमाणावर दिसले होते. सन २००९ मध्यें सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांतील दहा गांवांत म्हशींच्या कासेवर व सडांवर फोड आले, आणि तसेच फोड माणसांच्या, विशेषतः धार काढणाऱ्यांच्या, हातांवरहि उठले. अंगांत ताप, फोडाच्या जागीं ठणका आणि काखेंत अवधाण, अशीं लक्षणें होतीं. सोलापूर जिल्ह्यांतील कासेगांव या एकाच गांवांत दीडशेंहून अधिक माणसांस बाधा झाल्याचें तपासांत आढळलें. रोगाचें नांव म्हशीच्या देवी. हा रोग सहसा जिवावर बेतत नाहीं. परंतु सड दुखतो म्हणून म्हैस पान्हा सोडीत नाहीं, आणि हात दुखतो म्हणून मनुष्यास धार काढवत नाहीं. अशा वेळीं गरिबाच्या घरीं किती ओढ लागते, हें पालकांस सांगावयास नको.

देवी हें विषाणूंचें एक मोठें कुळ आहे. मनुष्याच्या देवी, गायीच्या सडांवरील देवी, म्हशीच्या देवी, शेळ्या-मेंढ्यांच्या देवी, सन २०२२ मध्यें महाराष्ट्रांतील गोठ्यागोठ्यांत ज्याचें नांव पोहोंचलें तो लम्पी चर्मरोग, आणि अलीकडे वर्तमानपत्रांत वाचावयास मिळणारा एमपॉक्स, हे सर्व याच कुळांतले. कांजिण्यांचे फोड थोडेफार तसेच दिसतात. पण त्यांचा विषाणु अगदीं निराळ्या घराण्याचा आहे, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

या कुळांत सर्वांत क्रूर होत्या त्या मनुष्याच्या देवी. त्यांच्या उग्र प्रकाराची बाधा ज्यांस होई, त्यांतील शंभरांपैकीं सुमारें तीस दगावत. जे वांचत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहत. कित्येकांची दृष्टि जाई. या रोगापुढें कोणाचेंच कांहीं चालत नसे, म्हणून आपल्या पूर्वजांनीं त्यास देवीचा कोप मानिलें व गांवोगांवीं नवस केले. भयांतून जन्मलेल्या त्या समजुतीस हंसण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापुढील प्रश्न खराच होता: धडधाकट मनुष्याचें शरीर या रोगापुढें इतकें हतबल कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू मिळत गेलें असून, त्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यांतील प्रयोगशाळेंत उलगडला आहे. तेंच येथें सोप्या रीतीनें सांगण्याचा विचार आहे.

शरीराचा पहारा

शत्रूची युक्ति समजण्यापूर्वीं आपला पहारा कसा असतो, तें पाहूं.

पहिली भिंत कातडीची. ती शाबूत असेल, तर विषाणूस आंत शिरणें कठीण जातें; पण धार काढणाऱ्याच्या बोटास बारीकशी चीर असली, तरी तेवढें दार त्यास पुरें होतें.

दुसरा पहारा रक्तांत असतो. रक्तांत व अंगांतील इतर रसांत तिसांहून अधिक प्रकारचीं प्रथिनें मिळून एक गस्त घालीत असतात. त्यांस पूरक प्रथिनें म्हणतात. परका जंतु आढळतांच त्यांतील एक त्याच्या अंगास चिकटतें, तें पुढच्यास जागें करितें, तें आणखी पुढच्यास. आणि शेवटीं त्या जंतूच्या वेष्टनास भोंक पडतें, किंवा पांढऱ्या पेशी येऊन त्यास गिळून टाकितात. या गस्तींतील मुख्य प्रथिनास शास्त्रज्ञ सी-३ म्हणतात. बेल्जियमचे झ्यूल बॉर्दे यांस या विषयांतील शोधांबद्दल सन १९१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां प्रश्न असा कीं, ही गस्त आपल्याच पेशींवर कां उलटत नाहीं? तर आपल्या पेशींच्या अंगावर कांहीं ओळखीचीं प्रथिनें असतात. पोलिसाच्या बिल्ल्याप्रमाणें त्यांचा उपयोग होतो. बिल्ला दिसला कीं गस्त थांबते, आणि चिकटलेलें सी-३ कापून निकामी केलें जातें.

तिसरी व्यवस्था इशाऱ्याची. साखर कारखान्याचा भोंगा वाजला कीं दूरच्या शेतांतहि वेळ कळते. तसें एखाद्या पेशींत विषाणु शिरला, तर ती पेशी मरतां मरतां एक प्रथिन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींच्या अंगावर त्यासाठीं जणूं कान बसविलेले असतात. तो इशारा ऐकतांच त्या आपलीं दारें बंद करून सावध होतात. या प्रथिनास इंटरफेरॉन असें नांव असून, अलिक आयझॅक्स व जीन लिंडेनमन यांनीं त्याचा शोध सन १९५७ मध्यें लंडनमध्यें लाविला. याच व्यवस्थेंतील दुसरे निरोपे मेंदूस कळवून ताप आणवितात. ताप हाहि आपल्या बचावाचाच एक भाग होय.

सावध झालेली पेशी आणखी एक मोठा त्याग करिते. विषाणूस स्वतःची गिरणी नसते. आपलीं प्रथिनें बनविण्यास तो पेशीची गिरणी वापरतो. म्हणून विषाणूचा सुगावा लागतांच पेशी आपली सारी गिरणीच बंद पाडते. मालकानें चोराच्या हातीं माल पडूं नये म्हणून स्वतःचें गळीत थांबवावें, तशांतला हा प्रकार आहे.

हे सर्व पहारे तत्काळ काम करितात. परंतु खरें सैन्य मागाहून येतें. नेमक्या त्याच विषाणूस ओळखणारीं प्रतिपिंडें व बाधित पेशींस शोधून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होण्यास, शत्रु प्रथमच भेटला असेल तर, आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हें सैन्य फार बलवान आहे, पण उशिरा येणारें आहे. म्हणून सारी लढाई पहिल्या कांहीं दिवसांची असते. तेवढे दिवस पहारा चुकवितां आला कीं विषाणूचें साधलें. ही गोष्ट नीट लक्षांत ठेवा. लेखाच्या शेवटीं तिचा उपयोग पडणार आहे.

विषाणूची शिदोरी

बहुतेक विषाणु अगदीं थोड्या सामानावर प्रवास करितात. पोलिओच्या विषाणूचा सारा लेख सुमारें साडेसात हजार अक्षरांत संपतो. देवीच्या कुळाचें तसें नाहीं. देवीच्या लशींत वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा लेख एक लक्ष नव्वद हजार अक्षरांच्या आसपास असून त्यांत सुमारें दोनशें जनुकें असतात. जनुक म्हणजे एखादें प्रथिन कसें बनवावें याची लिखित कृति. तरीहि हा विषाणु इतका लहान असतो कीं, आपल्या केसाच्या जाडींत तसे सुमारें दोनशें ओळीनें मावतील.

एवढी शिदोरी कशासाठीं? शास्त्रज्ञांनीं या लेखांची तुलना केली, तेव्हां एक मौज आढळली. लेखाच्या मधल्या भागांतील जनुकें या कुळांतील सर्वांत जवळजवळ सारखीं असतात. विषाणूची वाढ होण्यास तींच लागतात. दोन्ही टोकांकडील जनुकें मात्र प्रत्येकाचीं निराळीं. तीं काढून टाकिलीं, तरी कांचेच्या भांड्यांत वाढविलेल्या पेशींत विषाणु सहसा वाढूं शकतो. पण जिवंत प्राण्याच्या अंगांत तो लंगडा पडतो. याचा अर्थ उघड आहे. टोकांकडील त्या जनुकांतील पुष्कळ पहारा चुकविण्यासाठीं आहेत.

चार सोंगें

आपल्या गांवांत बहुरूपी येत असत, हें वडील मंडळींस आठवत असेल. फौजदाराचा वेश घेऊन दारांत उभा राहिलेला बहुरूपी पाहून घरधनी क्षणभर गडबडून जाई. देवीच्या विषाणूचें सामर्थ्य बरेंचसें या जातीचें आहे. अर्थात् विषाणूस बुद्धि नाहीं व हेतुहि नाहीं. ज्यांचें सोंग साधलें ते टिकले व वाढले, एवढाच याचा अर्थ. त्याचीं चार सोंगें पाहूं.

पहिलें सोंग गिरणींतलें. विषाणूच्या वाढींत दुहेरी धाग्याचा आरएनए निर्माण होतो. आपल्या पेशींत तसा लांब धागा सहसा नसतो, म्हणून तो दिसला कीं पेशीचा पहारेकरी गिरणी बंद पाडतो. देवीच्या लशींतील विषाणु यावर दोन उपाय करितो. त्याचें ई-३ नांवाचें प्रथिन त्या धाग्यावर पांघरूण घालून तो दिसूंच देत नाहीं. एवढ्यानेंहि पहारेकरी जागा झालाच, तर के-३ नांवाचें दुसरें प्रथिन पुढें होतें. पहारेकऱ्यास गिरणीची जी कळ दाबावयाची असते, तिच्यासारखेंच त्याचें रूप असतें. पहारेकरी खोट्या कळेशींच झटत राहतो, आणि गिरणी चालूच राहते.

दुसरें सोंग खोट्या कानांचें. इंटरफेरॉनचा इशारा ऐकणारे कान पेशींच्या अंगावर असतात, हें वर सांगितलेंच. विषाणु त्या कानांच्या सुट्या प्रतिकृति बनवून पेशीबाहेर सोडून देतो. निघालेला इशारा खऱ्या कानापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच त्या त्यास पकडून ठेवितात. भोंगा वाजतो, पण शेतांत कोणासच ऐकूं जात नाहीं. लशींतील विषाणूचीं अशीं निदान दोन प्रथिनें सन १९९५ मध्यें ओळखलीं गेलीं. ताप आणविणाऱ्या निरोप्यास अडविणारा असाच एक खोटा कान असून, तो काढून टाकलेला विषाणु उंदरांस टोंचला असतां त्यांस ताप चढतो, असें पुढच्याच वर्षीं दिसून आलें. रोग्यास कमी ताप म्हणजे रोग हलका, असें आपण समजतों. येथें मात्र तो ताप शत्रूनेंच दाबलेला असूं शकतो.

तिसरें सोंग शालीचें. बाधित पेशींतून बाहेर पडतांना यांतील कांहीं विषाणु त्याच पेशीच्या पडद्याचें एक वेष्टन अंगाभोंवतीं गुंडाळून घेतात. त्या पडद्यावर पेशीचे स्वतःचे बिल्ले असतात, तेहि आयतेच बरोबर येतात. घरच्याच माणसाची शाल पांघरून निघालेल्या चोराकडे गस्तवाला संशयानें पाहत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

चौथें सोंग बनावट बिल्ल्याचें. शालीवरचा बिल्ला उसना होता. येथें विषाणु स्वतःच बिल्ला घडवितो. सन १९८८ मध्यें गिरीश कोटवाल व बर्नार्ड मॉस या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत दाखवून दिलें कीं, लशींतील विषाणु बाधित पेशींतून जें एक प्रथिन बाहेर सोडतो, त्याची घडण आपल्या बिल्ल्यांच्या प्रथिनांशीं मिळतीजुळती आहे. दोन वर्षांनीं असें सिद्ध झालें कीं, हें प्रथिन पूरक प्रथिनांची गस्त खरोखरच थांबवितें. विषाणु अंगाच्या संरक्षकांची नक्कल करून त्यांनाच निकामी करितो, याचा हा अगदीं आरंभींच्या काळांतील पुरावा होता.

पुण्यांत उलगडलेलें कोडें

येथून पुढची कथा आपल्या जिल्ह्याची आहे. लशींतील विषाणूपासून मनुष्यास सहसा थोडा ताप व एक फोड एवढाच उपद्रव होतो. देवीच्या मूळ विषाणूनें मात्र लाखो माणसें मारलीं. दोघेहि सख्खे भाऊबंद. मग एवढा फरक कां? याचीं कारणें अनेक आहेत; त्यांतील एक बनावट बिल्ल्यांत सांपडलें. देवीच्या विषाणूचा बिल्ला व लशींतील विषाणूचा बिल्ला यांत केवळ ११ दुव्यांचा फरक आहे. प्रथिन म्हणजे अनेक दुव्यांची माळ असते, हें तुम्हीं शास्त्राच्या पुस्तकांत वाचलें असेल. तेवढ्या ११ दुव्यांनीं देवीच्या विषाणूचा बिल्ला मनुष्याच्या सी-३ विरुद्ध सुमारें शंभर पट प्रभावी होतो, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं सन २००२ मध्यें प्रसिद्ध केलें. मूळ रोग जगांतून नाहींसा झालेला असल्यामुळें, त्यांनीं जिवंत विषाणु न वापरतां, उपलब्ध लेखावरून तें एकच प्रथिन बनवून हा प्रयोग केला.

त्या ११ दुव्यांतील नेमके कोणते महत्त्वाचे, हें कोडें पुण्यांतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांत डॉ. अरविंद साहू व त्यांचे सहकारी यांनीं हातीं घेतलें. एकेक दुवा बदलून पाहून त्यांनीं सन २००८ मध्यें दाखविलें कीं, बहुतेक सारा फरक मोजक्याच दुव्यांत सांठलेला आहे. सन २०१२ मध्यें त्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. देवीच्या विषाणूचा बिल्ला मनुष्याच्या पूरक प्रथिनांवर अधिक चालतो. लशींतील विषाणूचा बिल्ला गोवंशाच्या पूरक प्रथिनांवर अधिक चालतो. आणि या आवडीनिवडीचें मुख्य कारण म्हणजे प्रथिनाच्या मधल्या भागांतील कांहीं दुव्यांवरील विद्युद्भार होय. एकाच्या जागीं ऋण, तर दुसऱ्याच्या जागीं धन.

विचार करा, किती सूक्ष्म गोष्ट ही! कुलूप एकाच कारखान्याचें, पण दांते किंचित् निराळे. म्हणून एक चावी मनुष्याच्या दाराला बसते आणि दुसरी गोठ्याच्या दाराला. कोणता विषाणु कोणत्या प्राण्यास ग्रासणार, हें अशा अनेक लहान लहान गोष्टींनीं ठरतें. म्हशीच्या देवीचा विषाणु हा लशींतील विषाणूचा अगदीं जवळचा नातलग आहे. तो म्हशीच्या सडावरून धार काढणाऱ्याच्या हातावर येऊं शकतो, परंतु मनुष्याच्या देवीसारखा संहार करीत नाहीं. हीं दोन्हीं वाक्यें शेतकऱ्याच्या घरीं माहीत असावींत. पहिलें सावधगिरीसाठीं, दुसरें धीरासाठीं.

सोंगें आलीं कोठून?

या नकला मूळ प्रथिनांशीं इतक्या जुळतात कीं, त्यांतील पुष्कळ जनुकें विषाणूंच्या पूर्वजांनीं फार पूर्वीं आपल्या आश्रयदात्या प्राण्यांकडूनच उचललीं असावींत, असें शास्त्रज्ञ मानतात. चोरलेली वस्तु पिढ्यान्‌पिढ्या वापरतां वापरतां घासून आपल्या सोयीची केली गेली.

शिवाय नवें सोंग घेण्याची यांची एक चाल विलक्षण आहे. सन २०१२ मध्यें अमेरिकेंतील नेल्स एल्डी व त्यांचे सहकारी यांनीं लशींतील विषाणूचें ई-३ हें जनुक काढून टाकून तो मनुष्याच्या पेशींत वाढत ठेविला. अडचणींत सांपडलेल्या त्या विषाणूच्या पुढच्या पिढ्यांत के-३ या जनुकाच्या एकाऐवजीं अनेक प्रति दिसूं लागल्या. एका खोट्या कळेनें भागत नाहीं, तेथें दहा लागल्या! इतक्या प्रति असल्या म्हणजे त्यांतील एखादींत उपयुक्त बदल होण्याचा संभवहि वाढतो. तसा बदल झाला, कीं जास्तीच्या प्रति पुन्हां गळून पडतात. पेटीचा भाता पसरावा व मिटावा, तसा या विषाणूचा लेख पसरतो आणि मिटतो.

गोठ्यांतील संकट

हें सारें प्रयोगशाळेंतलें झालें, असें कोणास वाटेल. परंतु सन २०२२ चा पावसाळा आठवा. लम्पी चर्मरोग प्रथम सन १९२९ मध्यें आफ्रिकेंतील आजच्या झांबिया देशांत नोंदला गेला. सन २०१९ मध्यें तो ओडिशांत दिसला, आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजीं जळगांव जिल्ह्यांतील रावेर तालुक्यांत चिनावल येथें त्या सालच्या सांथीचा महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण-पशु आढळला. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. सरकारनें मृत दुभत्या गायीमागें ३० हजार, बैलामागें २५ हजार व वासरामागें १६ हजार रुपये मदत ठरविली. अंगभर गांठी, पायांस सूज, तोंडांतून लाळ, आणि चाऱ्याकडे न पाहणारी गाय ज्यांनीं पाहिली, त्यांस त्या दिवसांचें वर्णन नको. ज्या ऊसतोडणी कामगाराचें सारें भांडवल म्हणजे दोन बैल, त्याच्या मनाची काय स्थिति झाली असेल, ती कल्पनेनेंच जाणावी.

या लम्पीच्या विषाणूचा लेख सुमारें दीड लक्ष अक्षरांचा असून त्यांत १५६ जनुकें असावींत, असें सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतहि तींच सोंगें दिसतात. पेशींचे निरोप पकडणारे खोटे कान त्यांत आहेत. शिवाय गुरांच्या अंगांतील एका निरोप्याची नक्कल आहे. त्या निरोप्याचें काम, लढाई संपल्यावर सैन्यास शांत करण्याचें. लढाई ऐन भरांत असतां कोणी सेनापतीच्या नांवानें मागें फिरण्याचा खोटा हुकूम द्यावा, तसा या नकलेचा उपयोग विषाणूस होत असावा. हा रोग मनुष्यास होत नाहीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

सोंग ओळखण्याची विद्या

आतां कोणी विचारील, शत्रु इतका मायावी असतां आपण जिंकावें कसें? याचें उत्तर वर ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या गोष्टींत आहे. त्याचीं सोंगें पहारा चुकवून वेळ काढण्यासाठीं आहेत. खरें सैन्य येईपर्यंतच त्याची सद्दी. मग तें सैन्य आधींच सज्ज असेल तर? लस म्हणजे हीच युक्ति होय.

लशींतील सौम्य विषाणु किंवा त्याचा भाऊबंद पाहून शरीर शत्रूचा चेहरा आधींच पाठ करितें. पुढें खरा शत्रु आला, कीं जागत्या प्रतिपिंडांशीं त्याची प्रथमच गांठ पडते, आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी आठवड्याचें काम थोड्याच दिवसांत करितात. सोंग तेंच असतें. पाहणारा अनोळखी राहिलेला नसतो. बहुरूपी दुसऱ्यांदां आला म्हणजे लहान मूलहि हंसून त्याचें खरें नांव सांगतें.

विलायतेंत एडवर्ड जेन्नर यांनीं सन १७९६ मध्यें गायीच्या देवीचा पहिला प्रयोग केला. तेव्हां विषाणु म्हणजे काय, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १४ जून १८०२ रोजीं, मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील पहिली लस टोंचण्यांत आली. ती लस बसऱ्याहून आली होती. त्या काळीं बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरील फोडांतून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती लस जिवंत ठेवावी लागे. त्या चिमुकल्या मुलीच्या दंडावरून ती पुढें इतर मुलांच्या दंडांवर गेली, आणि त्या सांखळीनें पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास येथपर्यंत पोहोंचली.

या सांखळीचें शेवटचें टोंक पावणेदोनशें वर्षांनीं हातीं आलें. हिंदुस्थानांतील देवीचे शेवटचे रोगी मे १९७५ मध्यें आढळले, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य परिषदेनें देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. दोनशें जनुकांचा तो बहुरूपी अखेर हरला. त्याचें एक कारण असें कीं, तो मनुष्याखेरीज दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यांत राहत नसे. मनुष्यांनीं दारें बंद करितांच त्यास लपावयास जागा उरली नाहीं. म्हशीच्या देवीस व लम्पीस मात्र गोठा आहे. म्हणून त्यांच्याविषयीं निर्धास्त राहून चालणार नाहीं.

लम्पीच्या सांथींतहि हीच विद्या कामास आली. लम्पीचा व शेळ्यांच्या देवीचा विषाणु यांच्या लेखांत शेंकडा सुमारें ९७ अक्षरें जुळतात. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांस टोंचण्यांत आली. एका भावाचा चेहरा पाठ केला, कीं दुसरा ओळखूं येतो.

घरीं काय करावें

विद्यार्थिमित्रहो, विद्येचा उपयोग गोठ्यापर्यंत पोहोंचला नाहीं, तर ती वहींतच राहिली असें म्हणावें लागेल. म्हणून पुढील गोष्टी घरीं वाचून दाखवा.

सडावर किंवा कासेवर फोड दिसले, तर तें जनावर निराळें बांधावें व त्याची धार सर्वांच्या शेवटीं काढावी. धारेपूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. बोटास चीर असेल, तर ती झांकावी किंवा दुसऱ्यानें धार काढावी. फोड फोडूं नयेत, खपली उचकटूं नये, आणि तसल्या हातानें डोळा चोळूं नये. विषाणु खपलींत बराच काळ टिकूं शकतो. दूध उकळूनच प्यावें. मनुष्याच्या हातावर फोड येऊन ताप आला, तर डॉक्टरांस आपल्या घरीं जनावर आजारी आहे हें आपण होऊन सांगावें. न सांगितल्यास त्यांच्याहि ध्यानांत येत नाहीं. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माशा, डांस व गोचिडी यांनीं पसरतो. म्हणून गोठा कोरडा ठेवावा, शेणाचा ढीग दूर असावा. आणि पशुवैद्य लस घेऊन येतील, त्या दिवशीं जनावर रानांत नेऊं नये. सांथ दारीं आल्यावर टोंचलेली लस कामास येण्यापूर्वींचे दिवस विषाणूचे असतात, हें आतां तुम्हांस सकारण ठाऊक आहे.

शेवटीं एक लहानसा अभ्यास सांगतों. आज घरीं गेल्यावर आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावरील वण पाहा. तुमच्याहि डाव्या दंडावर एक वण असेल. पण तो क्षयाच्या लशीचा. आजीचा वण देवीच्या लशीचा आहे. तो टोंचतांना त्यांस रडूं आलें होतें काय, गांवांत टोंचणारा कसा येत असे, कोणी लपून बसत असे काय, हें त्यांस विचारा व वहींत लिहून ठेवा. रोग गेला, म्हणून लस टोंचणें थांबलें, आणि तो वण पुढच्या पिढीच्या अंगावर उमटला नाहीं. थोड्याच वर्षांनीं तो पाहावयास मिळणार नाहीं. ज्या शत्रूची धास्ती आपल्या पूर्वजांनीं शतकानुशतकें बाळगली, त्यास ओळखून मनुष्यजातीनें घालवून दिलें, त्याची ती खूण आहे.